जगदीशचंद्र बोस : बिनतारी लहरींचे उपासक

रेडिओचा शोध कोणी लावला, असा प्रश्न निघाला की पाठ्यपुस्तक मार्कोनीचे नाव सांगते आणि आपल्याकडील अभिमानी मंडळी तत्काळ आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे. वाद मोठा रंगतो. पण बोसांनी नेमके काय केले, असे विचारले तर दोन्ही पक्ष बहुधा गप्प बसतात. वनस्पतींना संवेदना असते असे सांगणारे शास्त्रज्ञ, एवढीच त्यांची ओळख आपल्या मनात उरलेली असते. खिशात मोबाइल आणि घरात वाय-फाय बाळगणाऱ्या आपल्या पिढीने तरी त्यांची दुसरी ओळख करून घ्यायला हवी.

३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, त्यांचा जन्म झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते, परंतु मुलाला त्यांनी आधी बंगाली शाळेतच घातले. इंग्रजी शाळा ही प्रतिष्ठेची खूण असण्याचा तो काळ. वर्गात शेजारी कोळ्याचा मुलगा आणि वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसत असे. पुढे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्समध्ये फादर लाफाँ यांच्या प्रयोगांनी त्यांना पदार्थविज्ञानाची गोडी लावली. वैद्यक शिकायला ते १८८० साली इंग्लंडला गेले, पण तापाने इतके बेजार झाले की तो नाद सोडून केंब्रिजला निसर्गविज्ञानाकडे वळावे लागले. तेथे लॉर्ड रॅले त्यांना गुरू म्हणून लाभले.

१८८५ मध्ये ते प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. तेथील पगाराचा प्रसंग आपल्या प्राध्यापकवर्गाला विशेष भावेल. गोऱ्या प्राध्यापकाच्या वेतनाच्या दोन-तृतीयांश वेतन हिंदी प्राध्यापकाला, आणि नेमणूक हंगामी म्हणून बोसांना त्याचेही निम्मे! त्यांनी तक्रारींचे रकाने भरले नाहीत की राजीनामाही दिला नाही. रोज वेळेवर येऊन उत्तम शिकवायचे आणि पगाराला मात्र हात लावायचा नाही, असे त्यांनी तीन वर्षे चालवले. घरी वडिलांच्या कर्जाचा डोंगर होता, १८८७ मध्ये अबलादेवींशी विवाहही झाला होता. तरी निश्चय ढळला नाही. अखेर सरकार नमले आणि मागील सर्व थकबाकीसह पूर्ण वेतन मिळाले. ती रक्कम कर्जफेडीत गेली.

संशोधनाला त्यांनी हात घातला तो छत्तिसाव्या वाढदिवशी, ३० नोव्हेंबर १८९४ रोजी. विद्युत्‌चुंबकीय लहरी प्रत्यक्ष निर्माण करून दाखवणारा जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झ त्याच वर्षाच्या आरंभी वारला होता, आणि त्याच्या कार्यावरील ऑलिव्हर लॉज यांच्या व्याख्यानाने बोसांचे कुतूहल जागे झाले होते. हर्ट्झच्या गाजलेल्या प्रयोगांतील लहर सुमारे ६६ सेंटिमीटर लांबीची होती. लहर लांब म्हणजे साधनेही अवाढव्य. त्याचा डांबराचा लोलकच अर्ध्या टनाहून जड होता. बोसांनी उलटी वाट धरली. लहरच आखूड केली, थेट ५ मिलिमीटरपर्यंत! आता सगळी सामग्री एका टेबलावर मावू लागली आणि प्रकाशावर करतात ते सर्व प्रयोग या अदृश्य किरणांवर करता येऊ लागले.

प्रयोगशाळा म्हणजे स्नानगृहालगतची एक लहानशी जागा आणि मदतीला पत्र्याचे काम करणारा एक साधा कारागीर. त्या जोडीने काय काय घडवले! लहर नेण्यासाठी धातूची नळी, ती बाहेर सोडण्यासाठी व पकडण्यासाठी नरसाळ्यासारखे तोंड. लहर एकाच प्रतलात कंप पावते की नाही हे पाहायला, म्हणजे ध्रुवीकरणासाठी, त्यांनी ब्रॅडशॉचे रेल्वे वेळापत्रक घेतले आणि त्याच्या पानापानांत कथिलाचा वर्ख घातला. झाले उपकरण! हे प्रतल फिरवण्यासाठी पिळलेल्या तागाचे जुडगेही त्यांनी वापरले. बंगालात तागाला काय तोटा?

१८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी लेफ्टनंट गव्हर्नर मॅकेंझी यांच्यासमक्ष भिंतींपलीकडे, ७५ फुटांवर, तारेवाचून घंटा वाजवून दाखवली आणि दारूचा स्फोट घडवला. लहर खुद्द लाटसाहेबांच्या देहातून पार गेली. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले. गंमत म्हणजे याच सुमारास, १८९६ मध्ये, त्यांनी केसांच्या तेलाच्या एका कंपनीने ठेवलेल्या स्पर्धेसाठी बंगालीत एक विज्ञानकथाही लिहिली. तीत तेलाच्या बाटलीने समुद्रातले वादळ शमते! आपल्या वाङ्मय मंडळाने ती जरूर मिळवून वाचावी.

मग मार्कोनीचे काय? त्या काळी बिनतारी संदेशाची खरी अडचण संदेश ओळखण्याची होती. धातूच्या किसाने भरलेली नळी, म्हणजे कोहीरर, लहर येताच वीज वाहू देई; पण दर वेळी तिला टिचकी मारून पुन्हा शुद्धीवर आणावे लागे. बोसांनी लोखंड आणि पारा यांचा, आपोआप पूर्वस्थितीला येणारा व टेलिफोनला जोडलेला ग्राहक तयार केला आणि १८९९ साली रॉयल सोसायटीपुढे तो जाहीर केला. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनीने अटलांटिकपलीकडचा संकेत ऐकला तो याच जातीच्या ग्राहकावर. तो त्याच्याकडे इटलीच्या नौदलामार्फत आला होता. हा धागा प्रबीर बंद्योपाध्याय यांनी १९९८ मध्ये सविस्तर उलगडून दाखवला. तरीही मार्कोनीला चोर ठरवणे मला पटत नाही. शेकडो मीटर लांबीच्या लहरींनी महासागर ओलांडण्याचा ध्यास त्याचा होता, बोसांचा नव्हता. ऋण मान्य झाले नाही, एवढे खरे.

मे १९०१ मध्ये एका तारयंत्र कंपनीचा धनाढ्य मालक बोसांकडे आला. व्याख्यानात सगळे उघड करू नका, पेटंट घ्या, निम्मा नफा तुमचा, असा त्याचा आग्रह. बोसांनी नकार दिला आणि ही हकिकत रवींद्रनाथांना पत्राने कळवली. पुढे भगिनी निवेदिता आणि सारा बुल यांच्या आग्रहाखातर गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या ग्राहकाचे अमेरिकी पेटंट घेतले गेले. ते १९०४ मध्ये मंजूर झाले, पण बोसांनी त्यातून काहीही मिळवले नाही. या निःस्पृहतेचे आपण गोडवे गातो. तिची किंमत मात्र कोणी मोजत नाही. पेटंटातून पैसा आला असता तर कलकत्त्यात त्याच वेळी बिनतारीची मोठी कार्यशाळा उभी राहू शकली असती. ती राहिली नाही. बोस वनस्पतींकडे वळले, आणि बंगालात रेडिओचे संशोधन पुन्हा जोमाने सुरू झाले ते १९२३ नंतर, त्यांचेच विद्यार्थी शिशिरकुमार मित्र यांच्या हातून.

वनस्पतींवरील काम, १९१७ मध्ये स्थापन केलेले बोस इन्स्टिट्यूट, १९२० मधील रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, या गोष्टी सर्वश्रुत आहेत. मला महत्त्वाची वाटते ती ५ मिलिमीटरची लहर. तिची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ६० अब्ज, म्हणजे ६० गिगाहर्ट्झ. हवेतील प्राणवायू ती शोषतो, जाड भिंत तिला दुबळी करते. म्हणून दूरच्या संदेशाला ती कुचकामी ठरली आणि दशकानुदशके अडगळीत पडली. आज हाच दोष गुण ठरतो. लहर फार पसरत नाही म्हणून शेजारच्या खोलीतील यंत्राशी तिचा गोंधळ होत नाही, आणि तिच्यावर माहितीचा प्रचंड ओघ लादता येतो. त्यामुळे वाय-फायचा एक वेगवान प्रकार नेमका ६० गिगाहर्ट्झवर चालतो.

२३ नोव्हेंबर १९३७ रोजी, एकोणऐंशी वर्षे पूर्ण व्हायला आठवडा असताना, गिरिडीह येथे बोस वारले. मार्कोनी त्याच वर्षी जुलैत रोममध्ये निवर्तला होता. बोसांची उपकरणे कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवलेली आहेत.