आपले मामासाहेब : प्राचार्य सोनोपंत दांडेकर

वरंध घाट चढून आळंदीची वाट धरताना दिंडीच्या सामानात वीणा, पखवाज, टाळ असतात, तशी एक जाडजूड सार्थ ज्ञानेश्वरीही असते. महाड-पोलादपूरच्या कितीतरी घरांत देवापुढं हीच पोथी आहे. पारायणाला बसताना आम्ही तिला बुक्का लावतो, हार घालतो. पहिल्या पानावरचं नाव मात्र फारसं कुणी वाचत नाही. शंकर वामन दांडेकर. नव्या पोरांना हा माणूस ठाऊक व्हावा म्हणून शताब्दीच्या या अंकात चार शब्द लिहितो आहोत.

मामांचा जन्म 20 एप्रिल 1896 चा, केळवे-माहीमचा, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यातला. आपल्या कोकणचेच की! शिकायला पुण्यात आले आणि तिथं विष्णुबुवा जोग महाराजांची गाठ पडली. जोग महाराज म्हणजे तालमीत कमावलेलं शरीर आणि रोखठोक वाणी. त्यांच्याकडून मामांनी तुळशीची माळ घेतली. लग्न केलं नाही. जोग महाराजांनी 1917 साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली आणि 1920 साली ते वैकुंठवासी झाले. पुढं ती संस्था ज्यांनी सांभाळली त्यांत मामा होते. आपल्या भागात कीर्तनाला येणारे कितीतरी महाराज तिथंच शिकून आलेले असतात.

दुसऱ्या अंगानं मामा तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात त्यांनी शिकवलं, तिथंच प्राचार्यही झाले. त्यांनी ज्ञानदेव आणि प्लेटो यांची तुलना करणारा ग्रंथ लिहिला. प्लेटो हा ग्रीस देशातल्या अथेन्सचा, सुमारे 2400 वर्षांपूर्वीचा. त्यानं एका गुहेतली माणसं कल्पिली : बेड्या घातलेली, तोंड भिंतीकडं, पाठीमागं जाळ. भिंतीवर हलणाऱ्या सावल्यांनाच ती खरं जग समजतात. आमची माउली अमृतानुभवात अज्ञान म्हणून वेगळी वस्तूच शिल्लक ठेवत नाही. दिसतं ते सगळं चैतन्याचाच विलास. फरक मोठा आहे, पण दोघांनीही अवघड गोष्ट दृष्टांतानंच सांगितली. नुसती भाषा पाहिली तर दृष्टांत गोड लागतो आणि सिद्धांत सुटतो. नुसता सिद्धांत धरला तर कवी हातचा जातो. मामांनी दोन्ही धरलं, आणि हे धरताना वारी सोडली नाही.

हे आज मुद्दाम सांगायचं कारण आहे. आपल्या दोन्ही तालुक्यांतली पोरं आता एम.ए. होऊन पीएच.डी.ला नाव नोंदवतात. घरी म्हातारी माणसं धास्तावतात, की पोरगं शिकलं, आता माळ उतरवणार. आम्हालाही पूर्वी तसंच वाटायचं. पण मामांच्या काळातच ही वाट विद्यापीठात रुळली होती. डॉ. शं. दा. पेंडसे यांना ज्ञानेश्वरांच्या तत्त्वज्ञानावरच्या प्रबंधाबद्दल डॉक्टरेट मिळाली. हेच पेंडसे 1955 साली पंढरपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. डॉ. भा. पं. बहिरट यांनी ज्ञानदेवांच्या तत्त्वज्ञानावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. माळ आणि प्रबंध यांचं वैर नाही. वैर असलंच तर आपल्या आळसाशी आहे.

कारण 1953 साली मामांची ही सार्थ ज्ञानेश्वरी पुण्याच्या प्रसाद प्रकाशनानं काढली, त्यात ओवीखाली अर्थ दिला आहे, टिपा दिल्या आहेत. नऊ हजारांच्या आसपास ओव्या. एकेका शब्दासाठी त्यांनी किती रात्री घालवल्या असतील! आणि सप्ताहात आम्ही काय करतो? दिवसाचे अध्याय उरकायचे म्हणून ओव्या भराभर म्हणतो, अर्थावरून नजर घसरते, टिपांकडं तर कुणी पाहतच नाही. एखाद्या लावणीच्या गडबडीत, गुडघाभर चिखलात उभं राहून आलेला माणूस थकलेला असतो, हे खरं. तरी निदान एका अध्यायाचा अर्थ दुपारी वाचून दाखवायला शिकलेली पोरं पुढं बसवावीत, असं आम्हाला वाटतं.

मामांना लोक प्राचार्य म्हणत, पण वारकऱ्यांत ते शेवटपर्यंत मामाच राहिले. 9 जुलै 1968 रोजी, ऐन आषाढात, त्यांनी देह ठेवला. पालघरच्या महाविद्यालयाला त्यांचंच नाव दिलेलं आहे.