परमगुरुस्वामी पंधरावे बेनेदिक्त यांचे अल्पचरित्र

युद्धाने पोळलेल्या देशांसाठी आपण मिस्सेत प्रार्थना करतो. परंतु ती कोणत्या भावनेने करावी, हे ज्यांनी अपमान सोसून शिकविले त्या पंधराव्या बेनेदिक्तांची ओळख आमच्या भाविकांस फारशी नाही. म्हणून ज्युबिलीच्या या पुस्तिकेत त्यांचे चरित्र थोडक्यात देत आहो.

त्यांचे मूळ नाव जाकोमो देल्ला किएझा. जन्म इटलीतील जेनोवा शहरी, २१ नोव्हेंबर १८५४ रोजी. त्यांनी आधी कायद्याची पदवी घेतली व १८७८ साली गुरुदीक्षा. शरीराने ते कृश व ठेंगणे होते. ३ सप्टेंबर १९१४ रोजी त्यांची परमगुरुपदी निवड झाली, तेव्हा पहिले महायुद्ध पेटून जेमतेम सव्वा महिना झाला होता.

दोन्ही सैन्यांत कॅथलिक होते, आणि जो तो आपल्याच ध्वजाचा जय देवापाशी मागत होता. परमगुरुस्वामींनी येशूच्या पवित्र हृदयास उद्देशून एक प्रार्थना रचली. तीत कोणाचाही जय मागितलेला नाही. राजे व प्रजा यांच्या मनी शांतीचे विचार यावेत व वैर शमावे, एवढेच मागणे आहे. युरोपसाठी ७ फेब्रुवारी १९१५ आणि हिंदुस्थानासह उर्वरित जगासाठी २१ मार्च हा दिवस त्यांनी नेमून दिला. फ्रान्सच्या सरकारला या शब्दांचाही संशय आला व त्याने ती प्रार्थना प्रथम जप्त केली! जर्मनांस ते फ्रेंचांचे वाटत, फ्रेंचांस जर्मनांचे.

ही गोष्ट आम्हांस दूरची वाटू नये. त्या काळी आमच्या औरंगाबाद जिल्ह्यात, घोगरगावच्या मिशनात, फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतात स्थापन झालेल्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स संघाचे मिशनरी राबत होते. गोदावरीपलीकडे अहमदनगर जिल्ह्यात जर्मन येशूसंघीय. दोघांचे कळप मराठीच बोलणारे. युद्धात इंग्रज सरकारने त्या जर्मन फादरांना शत्रुराष्ट्राचे म्हणून अडकवून ठेविले व पुढे मायदेशी धाडले. इकडे मराठा पलटणींतील आमचे देशबांधव कुत येथे वेढ्यात उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी तुर्कांचे कैदी झाले. अशा वेळी नदीच्या दोन्ही तीरांवरील भाविकांना एकाच तोंडाने म्हणता येईल अशी प्रार्थना हीच होती, असे आम्हांस वाटते.

प्रार्थनेपाठोपाठ काम आले. हरवलेल्या सैनिकांचा व कैद्यांचा शोध घेण्यासाठी त्यांनी व्हॅटिकनमध्ये कचेरी उघडली. आजारी कैद्यांस स्वित्झर्लंडमध्ये उपचार मिळावेत म्हणून खटपट केली. मृतांच्या स्मरणदिनी प्रत्येक गुरूस तीन मिस्सा अर्पिण्याची परवानगी १९१५ सालची. लोरेटोच्या लितानीत पवित्र मरीयेला शांतीची राणी म्हणून आपण हाक मारतो, ती भर १९१७ सालची. १ ऑगस्ट १९१७ रोजी त्यांनी युद्ध करणाऱ्या राष्ट्रांस तहाच्या अटी सुचविल्या. त्या कोणी मानल्या नाहीत. युद्ध संपल्यावर मध्य युरोपातील उपाशी लेकरांसाठी २८ डिसेंबर १९१९ रोजी, निष्पाप बालकांच्या सणी, जगभरच्या चर्चांत त्यांनी वर्गणी गोळा करविली. त्यात शत्रूची लेकरे वगळली नव्हती.

२२ जानेवारी १९२२ रोजी फुप्फुसाच्या दाहाने त्यांचे देहावसान झाले. त्याआधीच, १९२१ साली, कॉन्स्टँटिनोपल येथे त्यांचा पुतळा उभा राहिला होता. त्यासाठी मुसलमान व यहुदी यांनीही पैसे दिले होते. तो आजही इस्तंबूलमध्ये, पवित्र आत्म्याच्या कॅथेड्रलच्या अंगणात आहे.