चिजांचा शोध : पंडित विष्णू नारायण भातखंडे

रायपूरच्या पश्चिमेस, दुर्ग ओलांडून पुढे गेले की खैरागड लागते. तेथील राजवाड्यात १९५६ पासून इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय चालते. खैरागडच्या राजा-राणींनी आपल्या दिवंगत कन्येच्या स्मरणार्थ हा वाडा संगीतासाठी देऊन टाकला. तेथील विद्यार्थी वहीत बंदिश उतरवून घेतात, तेव्हा स्वरांच्या खाली टिंबे देतात, आडव्या रेघा मारतात, समेवर फुली करतात. ही खुणांची लिपी ज्यांनी सिद्ध केली, ते पंडित विष्णू नारायण भातखंडे व्यवसायाने वकील होते.

त्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी, मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. घराणे मूळचे कोकणातले, स्थिती मध्यम. मुलगा लहानपणापासून बासरी वाजवी, पुढे वल्लभदास दामुलजी यांच्याजवळ सतार शिकू लागला. मात्र त्या काळी प्रतिष्ठित घरातील मुलाने गाण्याबजावण्याच्या नादी लागणे लोकांना रुचत नसे. शिक्षणाकडे त्यांनी दुर्लक्ष केले नाही. १८८५ मध्ये ते बी.ए. झाले व १८८७ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली. काही काळ कराचीत व नंतर मुंबईत त्यांनी वकिली केली.

संगीताची खरी दारे उघडली ती १८८४ मध्ये, गायनोत्तेजक मंडळीत प्रवेश मिळाल्यावर. मुंबईतील पारशी रसिकांनी चालविलेल्या या संस्थेत नामांकित गवई शिकवीत असत. रावजीबुवा बेलबागकरांकडून भातखंड्यांनी सुमारे तीनशे ध्रुपदे घेतली, तर अली हुसेन व विलायत हुसेन यांच्याकडून ख्याल घेतले. शिकता शिकता एक गोष्ट त्यांना खटकू लागली. एकाच रागाचे नाव दोन गवई घेत आणि दोघांचे स्वर निराळे लागत. कारण विचारले तर आमच्या घराण्यात असेच गातात, एवढेच उत्तर मिळे. वकिलाच्या मनाला हा पुरावा अपुरा वाटला, असे म्हणावयास हरकत नाही.

येथे थोडे थांबून युरोपकडे पाहू. तेथे पियानोसारखी वाद्ये शिकणाऱ्याच्या हाती फार पूर्वीपासून छापील पुस्तक असे. बोटे कोणत्या पट्टीवर कशी ठेवावीत, स्वर कसा सजवावा, हे सांगणारा कार्ल फिलिप इमानुएल बाख यांचा ग्रंथ १७५३ मध्ये निघाला. पुढे बेथोव्हनचे शिष्य कार्ल चेर्नी यांनी सरावाचे शेकडो पाठ लिहिले. रचनाकार आपली रचना स्वतःच्या हाताने कागदावर उतरवीत, खोडीत, पुन्हा लिहीत. असे कागद ग्रंथालयांतून आजही जपलेले आहेत. कार्ल फिलिप यांचे वडील योहान सेबास्टियन बाख १७५० मध्ये वारले. त्यांची एक भव्य धार्मिक रचना लोक विसरून गेले होते. १८२९ मध्ये मेंडेल्सझोन या वीस वर्षांच्या तरुणाने ती कागदावरून वाचून बर्लिनमध्ये पुन्हा सादर केली. गाणारे गेले, ऐकणारे गेले, तरी रचना उरली होती.

आपल्याकडे असे घडणे अवघड होते. चीज म्हणजे रागात बांधलेले गीत. ते गुरूच्या कंठातून शिष्याच्या कंठात जाई. घराण्याच्या चिजा ही उपजीविकेची पुंजी होती. ती परक्याला दिली तर उद्या आपल्या मुलाने खावे काय, ही गवयाची धास्ती खोटी नव्हती. त्यामुळे चांगल्या चिजा राखून ठेवल्या जात, आणि शिष्य न मिळता गवई निवर्तला की त्या त्याच्याबरोबर जात.

१९०० मध्ये भातखंड्यांची पत्नी वारली. १९०३ मध्ये एकुलती मुलगीही गेली. पुढे त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. १९०४ मध्ये ते दक्षिणेच्या प्रवासास निघाले. मद्रास, तंजावर, मदुरा करीत ते एट्टयापुरम येथे पोहोचले व तेथे सुब्बराम दीक्षित या वृद्ध पंडितांना भेटले. दक्षिणेत त्यांना व्यंकटमखी यांच्या ‘चतुर्दंडीप्रकाशिका’ या सतराव्या शतकातील ग्रंथाचा लाभ झाला. त्यात बहात्तर मेळांची, म्हणजे स्वरांच्या बहात्तर मांडण्यांची व्यवस्था होती. १९०७ मध्ये नागपूर, हैदराबाद व कलकत्ता, तर १९०८ मध्ये अलाहाबाद, काशी, लखनौ, दिल्ली, जयपूर, बिकानेर व उदयपूर असे प्रवास झाले. बरोबर प्रश्नांची यादी असे. दिवसा ग्रंथालयातील पोथ्या चाळायच्या, गुणिजनांना गाठायचे आणि झालेला संवाद रोजनिशीत नोंदवून ठेवायचा, असा त्यांचा क्रम होता. या नोंदींवरून ते मोठे चिकित्सक आणि काहीसे उतावळे गृहस्थ वाटतात. समोरच्याचे उत्तर गोलमाल असले की त्यांचा धीर सुटे. गवयांविषयीची त्यांची काही मते आज कठोर वाटतात, आणि ती कठोर होतीही.

तथापि हाच मनुष्य त्याच गवयांसमोर शिष्य होऊन बसला. जयपूरचे महंमद अली खाँ हे मनरंग परंपरेचे गायक. त्यांच्या घराण्यातील सुमारे तीनशे चिजा भातखंड्यांना मिळाल्या; त्या टिपण्यासाठी त्यांनी फोनोग्राफ या तेव्हाच्या नव्या यंत्राचाही उपयोग केला. रामपूरला त्यांनी नबाब हमीद अली खाँ यांचे शिष्यत्व पत्करले, तेव्हा बीनकार वजीर खाँ यांची विद्या त्यांना खुली झाली. उदयपूरचे ध्रुपदिये जाकिरुद्दीन खाँ यांच्याशी त्यांचा स्नेह जमला. पन्नाशीच्या सुमारास त्यांनी वकिली सोडून दिली.

हाती आलेले धन कागदावर उतरवायचे कसे? बंगालात क्षेत्रमोहन गोस्वामी व बडोद्यात मौलाबक्ष यांनी आधी लिप्या केल्या होत्या, आणि विष्णू दिगंबर पलुस्करांचीही स्वतंत्र लिपी होती. भातखंड्यांची लिपी सर्वांत साधी ठरली. मंद्र सप्तकातील स्वराखाली टिंब, तार सप्तकातील स्वरावर टिंब. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. एका मात्रेत अनेक स्वर आले तर त्यांच्याखाली कंस. समेला फुली, खालीला शून्य. सामान्य छापखान्यातही जुळवता येईल आणि नवशिक्यालाही तासाभरात कळेल, अशी ती होती. अर्थात, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड किंवा स्वराचे सूक्ष्म आंदोलन या खुणांत मावत नाही. भातखंडे हे जाणून होते. पण पूर्ण उतरत नाही म्हणून मुळीच उतरवू नये, हे त्यांना मान्य नव्हते.

१९१० च्या सुमारास ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ निघाला. त्यावर त्यांनी आपले नाव न घालता चतुर पंडित हे टोपणनाव घातले. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा चार भागांचा ग्रंथ त्यांनी मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने लिहिला. प्रचारातील राग त्यांनी दहा थाटांत बसविले. या वर्गीकरणावर टीका झाली. काही राग कोणत्याच थाटात नीट बसत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. तरीही शिकवायला सोपे म्हणून तेच रूढ झाले. ‘क्रमिक पुस्तक मालिका’ ही सहा भागांची माला मात्र त्यांच्या कार्याचा कळस होय. सोप्या रागांकडून अवघड रागांकडे जाणाऱ्या या पुस्तकांत अठराशेहून अधिक चिजा स्वरलिपीसह छापल्या आहेत. ज्या चिजांसाठी शिष्याला वर्षानुवर्षे सेवा करावी लागे, त्या आता पुस्तकाच्या दुकानात मिळू लागल्या. काही गवई रागावले, यात नवल नाही.

१९१६ मध्ये महाराज सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. त्यानंतर दिल्ली, काशी व लखनौ येथे परिषदा झाल्या. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय व १९२६ मध्ये लखनौला मॅरिस संगीत महाविद्यालय निघाले. लखनौच्या त्या विद्यालयाला पुढे भातखंड्यांचेच नाव मिळाले.

१९३३ मध्ये पक्षाघाताने ते अंथरुणाला खिळले. तीन वर्षे तसेच राहून १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, मुंबईत त्यांचे निधन झाले. क्रमिक मालिकेचे शेवटचे दोन भाग तेव्हा छापून व्हावयाचे होते. ते १९३७ मध्ये बाहेर पडले. त्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी लखनौचे विद्यालय दीर्घकाळ सांभाळले. पुढे ते खैरागडला आले आणि राजवाड्यातील त्या नव्या विश्वविद्यालयाचे कुलगुरू झाले.