मेंदूतील श्रवणकेंद्राचा शोध घेणारे डेव्हिड फेरियर

कानांनी ध्वनी टिपला, तरी त्याचा बोध होतो मेंदूत. तो मेंदूच्या नेमक्या कोणत्या भागात होतो, याचा प्रयोगांद्वारे शोध घेणाऱ्यांमध्ये स्कॉटिश वैद्यक सर डेव्हिड फेरियर हे अग्रणी होते. त्यांचा जन्म १८४३ मध्ये ॲबर्डीनजवळ झाला. एडिंबरा येथे वैद्यकीय शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये अध्यापन केले.

१८७३ मध्ये वेकफिल्ड येथील मनोरुग्णालयाच्या प्रयोगशाळेत त्यांनी प्राण्यांच्या मेंदूला सौम्य विद्युतप्रवाहाने उत्तेजित करण्यास प्रारंभ केला. शंखखंडाची वरची वळी उत्तेजित होताच माकड कान टवकारून डोके वळवीत असे, जणू काही त्याला आवाज ऐकू आला. यावरून श्रवणाचे केंद्र तेथेच असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १८७६ च्या ‘द फंक्शन्स ऑफ द ब्रेन’ या ग्रंथात त्यांनी हे संशोधन मांडले.

दृष्टीच्या बाबतीत मात्र त्यांचा अंदाज चुकला. पार्श्वखंडातील एका वळीत त्यांनी दृष्टिकेंद्र कल्पिले होते. ते मेंदूच्या मागील, पश्चकपाल खंडात असल्याचे बर्लिनचे हेर्मान मुंक यांनी दाखवून दिले. फेरियर यांनी नंतर आपल्या मतात पश्चकपाल खंडाचाही समावेश केला; पण जुने मत त्यांनी पूर्णपणे सोडले नाही.

ऑगस्ट १८८१ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत त्यांची खरी कसोटी लागली. मेंदूत कार्यांची अशी वाटणी नसते, असे प्रतिपादन जर्मन शास्त्रज्ञ फ्रीड्रिख गोल्ट्झ यांनी केले. फेरियर यांनी दोन माकडे सभेपुढे आणली. त्यांपैकी एकाच्या दोन्ही शंखखंडांतील वरच्या वळ्या काढलेल्या होत्या. बार उडविताच दुसरे माकड दचकले. हे मात्र स्तब्ध राहिले.

या यशाची किंमतही त्यांना मोजावी लागली. प्राण्यांवरील प्रयोगांच्या विरोधकांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, परवान्याविना शस्त्रक्रिया केल्याच्या आरोपाखाली, त्यांना न्यायालयात खेचले. शस्त्रक्रिया परवानाधारक सहकारी जेराल्ड यिओ यांनी केल्याचे स्पष्ट होताच खटला निकाली निघाला. प्राण्यांना झालेल्या यातनांचा प्रश्न मात्र त्या निकालाने सुटला नाही.

१८८४ मध्ये लंडनमध्ये मेंदूच्या नकाशाआधारे एका रुग्णाच्या मेंदूतील गाठीची जागा आधीच निश्चित करण्यात आली आणि रिकमन गॉडली यांनी ती गाठ काढली. फेरियर त्या वेळी उपस्थित होते. रुग्ण सुमारे महिनाभरात जंतुसंसर्गाने दगावला. परंतु गाठ अपेक्षित ठिकाणीच सापडली होती.

१९११ मध्ये ‘सर’ हा किताब मिळालेल्या फेरियर यांचे १९ मार्च १९२८ रोजी लंडन येथे निधन झाले.