फादर गाब्रिएल रिशार

वेदीची सेवा करणारा कॅथोलिक धर्मगुरु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या काँग्रेसमध्यें प्रथम बसला तो फादर गाब्रिएल रिशार यांच्या रूपानें.

त्यांचा जन्म १७६७ सालीं फ्रान्समधील सैंत या नगरीं झाला. राज्यक्रांतीच्या धामधुमींत स्वदेशास मुकलेला हा सुल्पिसियन याजक १७९२ सालीं बाल्टिमोर बंदरीं उतरला. इलिनॉयच्या रानांत कांहीं वर्षें धर्मसेवा केल्यावर १७९८ सालीं त्यांची नेमणूक डेट्रॉइटच्या सेंट ॲन देवळांत झाली.

ता. ११ जून १८०५ रोजीं आगीनें अवघें डेट्रॉइट भस्मसात् केलें. देऊळहि वांचलें नाहीं. त्या राखेंतून नगर पुन्हा उभारण्यास फादर रिशार यांनीं लोकांस धीर दिला. १८०९ सालीं त्यांनीं छापखाना आणवून वृत्तपत्र काढविलें. १८१७ सालीं मिशिगन विद्यापीठाचा पाया घातला गेला, तेव्हां तेरा अध्यासनांपैकीं सात प्रेस्बिटेरियन पाळक जॉन माँटीथ यांजकडे व सहा फादर रिशार यांजकडे होतीं. पंथ भिन्न असूनहि विद्यादानांत दोघे एकदिल राहिले.

सद्सद्विवेकबुद्धीपायीं त्यांस दोनदां कारावास घडला. १८१२ सालीं सुरू झालेल्या युद्धांत ब्रिटिशांनीं डेट्रॉइट घेतलें. अमेरिकेच्या राज्यघटनेशीं निष्ठेची शपथ वाहिली असल्यामुळें दुसरी शपथ घेण्यास त्यांनीं नकार दिला व बंदिवास पत्करला. पुढें पत्नीस सोडून दुसरा विवाह करणाऱ्या एका इसमास त्यांनीं धर्मबहिष्कृत केलें. त्यानें अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. न्यायालयानें ठरविलेली भरपाई न दिल्यामुळें फादर तुरुंगांत गेले. विवाहसंस्कार अभंग आहे, ही शिकवण मात्र त्यांनीं सोडली नाहीं.

१८२३ सालीं मिशिगन प्रदेशानें त्यांस काँग्रेसमध्यें पाठविलें. प्रदेशास राज्याचा दर्जा नसल्यामुळें त्यांस बोलण्याचा अधिकार होता, मताचा नव्हता. तरीहि डेट्रॉइटहून शिकागोस जाणाऱ्या रस्त्याचा प्रश्न त्यांनीं नेटानें मांडून मंजुरी मिळविली. १८२५ च्या निवडणुकींत पराभव झाला. फादर आपल्या कळपाकडे परतले.

१८३२ सालीं डेट्रॉइटांत पटकीची साथ आली. वयाची पासष्टी जवळ आली असतांहि रोग्यांची शुश्रूषा व मरणोन्मुखांस अंत्यसंस्कार देण्यांत त्यांनीं विश्रांति घेतली नाहीं. अखेर ता. १३ सप्टेंबर रोजीं त्यांनीं देह ठेविला.

सभागृहांतील त्यांचें आसन दोनच वर्षांचें ठरलें. रोग्यांच्या उशाशीं असलेलें स्थान त्यांनीं प्राण जाईपर्यंत राखलें. राजकारण त्यांस लोकसेवेचें एक साधन होतें. धर्मगुरुपद हेंच त्यांचें जीवन होतें.