शिष्यवृत्ती संपली, शिक्षण नाही : डॉ. बाबासाहेब आंबेडकर



वर्गात एकदा सहज विचारून बघा, परदेशात शिकायला कोणाकोणाला जायचंय? आमच्या भातसानगर भागात, शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून येणारी मुलं या प्रश्नावर नुसती हसतात. ते पैसेवाल्यांचं काम, असं त्यांनी ऐकलेलं असतं. अशा वेळी त्यांना बाबासाहेबांच्या आयुष्यातली दहा वर्षं सांगा.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. साताऱ्याच्या शाळेत जातीमुळे त्यांना वेगळं बसावं लागे, पाण्याच्या नळालाही हात लावता येत नसे. वडील रामजी सुभेदार मात्र मुलाच्या शिक्षणाबाबत ठाम होते. १९१२ मध्ये भीमराव मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजमधून बी.ए.ची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १९१३ च्या फेब्रुवारीत वडील वारले.

त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. १९१६ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला, सोबत बॅरिस्टरीचा अभ्यासही सुरू केला.

आणि इथेच गाडी अडली. शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट सोडून परतावं लागलं. पण निघण्याआधी त्यांनी एक काम केलं : चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवून ठेवली. इथे वर्गात जरा थांबा. पैसे संपले म्हणून त्यांनी दार लावून घेतलं नाही, हे मुलांच्या लक्षात येऊ द्या.

बडोद्यात नोकरी मिळाली, पण परदेशात शिकून आलेल्या या माणसाला जातीमुळे राहायला खोली मिळेना. ते मुंबईला आले. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजमध्ये प्राध्यापक झाले आणि पगारातून पैसे साठवू लागले. त्या काळात रमाबाईंनी काटकसरीने संसार चालवला. साठवलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले पैसे, एवढ्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

तिथेही सगळं सरळ झालं नाही. डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी सुधारून मागितला. तो त्यांनी मुंबईत बसून पुन्हा लिहिला आणि १९२३ मध्ये पदवी मिळवली. त्याआधीच ते बॅरिस्टर झाले होते.

आता आपला प्रश्न. बाबासाहेबांची बुद्धी मोठी होतीच, पण वडील, दोन राजे, पत्नी आणि एक मित्र पाठीशी उभे राहिले नसते, तर ती बुद्धी लंडनपर्यंत पोचली असती का? आज अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठीही शासनाची योजना आहे आणि आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आपल्या शहापुरातच आहे. बाकीच्यांसाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज आहे. पण ही माहिती पाड्यावर कोण नेणार? ते काम तुमचं-माझंच.

शिक्षकांनो, जात आणि उत्पन्नाचे दाखले वेळेत काढायला सांगा. इंग्रजी आत्तापासून रोज थोडं थोडं बोलून घ्या. पालकहो, मुलगी असो की मुलगा, हे आपलं काम नाही, एवढं एक वाक्य घरात बोलू नका.

मुलं प्रश्नावर हसली, तरी पुढच्या महिन्यात तोच प्रश्न पुन्हा विचारा. एखादा हात नक्की वर येईल.