मलिक अंबर : गुलाम ते दख्खनचा कारभारी

गुरुग्राम : इथिओपियात १५४८ च्या सुमारास जन्मलेला मलिक अंबर लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. बगदादमार्गे दख्खनेत आल्यावर त्याला निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने विकत घेतले. हा धनीही एकेकाळी गुलामच. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला. १६०० मध्ये अहमदनगर पडले, तेव्हा मुर्तझा निजामशाहाला गादीवर बसवून त्याने बुडते राज्य सावरले. जहांगीर त्याच्या काळ्या वर्णाची हेटाळणी करी. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे मात्र त्याच्याच बाजूने लढले. तरीही गुलामगिरी मोडावी, असे अंबरला वाटल्याचे दिसत नाही. त्याच्या फौजेत विकत घेतलेले हबशी होतेच. १६२६ मध्ये तो निवर्तला. कंपनी सरकारच्या मुलुखात गुलामीची कायदेशीर मान्यता संपायला १८४३ साल उजाडले.